एक्केचाळीस नंबरची रिकामी जागा

गुरुसिद्ध लिंगप्पा बिराजदार ऊर्फ अप्पा यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून बत्तीस वर्षं काढली, आणि त्या बत्तीस वर्षांत बार्शीच्या भुसार पेठेत त्यांना कुणी 'या, बसा' म्हटलं नाही. 'आले, आले' म्हणायचे, तेही एकमेकांना. माणूस दिसायला साधा, चष्मेवाला, पण तो गल्लीच्या तोंडाशी आला की पेठेतल्या सगळ्या तराजूंचे काटे आपोआप शून्यावर यायचे, असं सांगतात. खोटं असेलही. पण लग्नानंतर सहाव्या महिन्यात त्यांनी सख्ख्या मेव्हण्याच्या पारड्याखालून नखाएवढा चिंचेचा गोळा काढला, तराजू जप्त केला आणि पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून बायकोची सही घेतली, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. बायकोचं माहेर त्यानंतर नऊ वर्षं बंद होतं. ती गेली तेव्हा खांदा द्यायला मेव्हणा आला, पण अप्पांकडे बघितलं नाही.

मुलगी नीलांबिका, घरात नीला. ती आठवीत असताना शाळेच्या प्रदर्शनात तिनं नारळाच्या करवंट्यांचा तराजू केला होता. पहिला नंबर जाहीर व्हायच्या बेतात होता. पालकांच्या रांगेतून अप्पा उठले, पुढे गेले, दोन्ही करवंट्या रिकाम्या करून दांडी उचलली आणि भर सभेत म्हणाले, "डावीकडे दोन ग्रॅम झुकतोय." बक्षीस दुसऱ्या पोराला गेलं. त्यानंतर नीला त्यांच्याशी बोलली नाही असं नाही. बोलली, पण तोलूनमापून. पुढं ती खगोलशास्त्र शिकली आणि दक्षिण अमेरिकेतल्या एका वाळवंटात, डोंगरावरच्या दुर्बिणीवर नोकरीला लागली. बापापासून याहून लांब जायचं तर पृथ्वीवर तशी जागाच शिल्लक नव्हती.

अप्पा निवृत्त झाले आणि घरात तीन महिने भिंतीकडे बघत बसले, तेव्हा तिचाच फोन आला.

"अप्पा, एक काम आहे. घरबसल्या. पगार बेताचा. तिथं कुणी तुम्हाला चहा देऊ करणार नाही."

"मग करतो," अप्पा म्हणाले.

काम होतं रिकाम्या जागा तपासण्याचं.

तराजूत माल घालण्याआधी रिकामी पारडी बघायची असतात. काटा आधीच एका बाजूला झुकलेला असेल तर तेवढा पासंग काढायचा, मग माल. दुर्बिणीचंही तसंच. काळ्या आकाशालाही स्वतःचा मंद उजेड असतो. हवेचा, धुळीचा, न दिसणाऱ्या लांबच्या दीर्घिकांचा. एखाद्या ताऱ्याचा प्रकाश मोजायचा, तर आधी शेजारची रिकामी जागा बघायची, तिचा उजेड मोजायचा आणि ताऱ्याच्या मापातून वजा करायचा. अडचण अशी की ताऱ्यांना नावं असतात, दीर्घिकांना नंबर असतात, रिकाम्या जागेला काहीच नसतं. वेधाचं वेळापत्रक आखणारी जी संगणक-प्रणाली होती, तिला सगळे 'नियोजक' म्हणत. त्या नियोजकात निरीक्षकाला आकाशात स्वतःची खूण करावी लागे: दोन आकडे, एक नाव, खाली चार ओळींचा शेरा. मग दुर्बीण जाता-येता तिथं डोकावे.

झालं असं, की जगभरच्या लोकांनी अशा सत्तर हजार खुणा करून ठेवल्या. कुणी होणाऱ्या बायकोच्या नावानं, कुणी कुत्र्याच्या. निम्म्या 'रिकाम्या' जागी मंद तारे निघाले. नव्या दुर्बिणी इतक्या तीक्ष्ण, की रिकामं म्हणावं असं आकाशच उरेना. तेव्हा वेधशाळांनी मिळून माणसं नेमली, की बाबांनो, खुणा तपासा, खात्रीच्या तेवढ्या ठेवा.

अप्पांना हे काम इतकं मानवलं, की विचारू नका. तिकडची मध्यरात्र म्हणजे बार्शीत सकाळचे साडेनऊ. अंघोळ, लिंगपूजा, भाकरी उरकून ते सातलाच पडद्यापुढे बसत आणि दोनपर्यंत एकेक खूण उघडून रिकाम्या जागेविरुद्ध रिकामी जागा तोलत. पास झालेल्या जागेच्या शेऱ्यात लिहीत: 'तपासले. रिकामे आहे. गु. लिं. बि.' तेही मराठीतच. वर्षभरात जपानपासून कॅनडापर्यंतच्या शास्त्रज्ञांना ही अक्षरं चित्रासारखी ओळखू येऊ लागली. त्याखेरीज ते जागा वापरेनात. अशा रीतीनं बार्शीत ज्याला कुणी बसा म्हणत नव्हतं, त्याच्या सहीवर सगळ्या जगाचं शून्य ठरायला लागलं. अप्पांना ते कुणाला तरी सांगावंसं वाटे. घरात एक पाल होती, तिला सांगत.

आणि मग शेजार सापडला.

नीलाच्या गटाला. जवळच्याच एका ताऱ्याभोवती फिरणारा दगडी ग्रह, त्याची अंधारी बाजू. ताऱ्याचा, ग्रहाच्या उष्णतेचा, सगळा हिशोब काढून टाकल्यावरही तिथं चिमूटभर प्रकाश उरत होता. एका विशिष्ट रंगात, आलेखावर टेकडीसारखा वर आलेला. कुठल्याच खडकाचा, कुठल्याच वायूचा नाही. जगातल्या आणखी पाच दुर्बिणींनी पडताळा घेतला. सगळ्यांना तीच टेकडी दिसली. मग एका दिवशी नीलानंच जगापुढे येऊन जपून, शब्द निवडत सांगितलं, की त्या ग्रहाच्या रात्रीत दिवे असल्याची शक्यता नाकारता येत नाही.

जपून सांगितलेलं जपून कोण ऐकतो? आठवड्यात त्या ग्रहाला 'शेजार' नाव पडलं. माणसं रस्त्यात उगाच एकमेकांकडे बघून हसायला लागली. दोन देशांनी चालू असलेली लढाई थांबवली. कारण विचारलं तर 'बरं दिसत नाही' म्हणाले. त्या दिवाळीत बार्शीत घरोघर एक पणती जास्त लागली.

चंपालाल कांकरिया, ज्यांचा तराजू अप्पांनी दोनदा जप्त केला होता, ते स्वतः शेंगापोळ्यांचा डबा घेऊन दारात उभे राहिले.

"साहेब, आता तरी घ्या. आता तुम्ही नोकरीत नाही, नि इथं मी काय तोलत नाही."

अप्पांनी डबा घेतला. चंपाशेठ बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग सराफ आले, शाळेचे हेडमास्तर आले. 'ज्यांच्या पोरीनं शेजार शोधला ते बिराजदार' बघायला बायका लेकरं कडेवर घेऊन येऊ लागल्या. घरात एकच खुर्ची होती; अप्पांनी आणखी चार आणल्या. चहाचं आधण दिवसभर उतरेना.

आणि नीला. ती रोज फोन करायला लागली. रोज! "अप्पा, जेवलात का? काय केलं होतं?" एवढंच, पण न तोलता. संक्रांतीला येते म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

*

खात्याचा नियम असा, की तराजूवर मोहोर एकदा मारली म्हणजे जन्माची झाली नाही, वर्षानं फेरतपासणी. नियोजकाला हा नियम ठाऊक नव्हता, पण अप्पांना दुसरा नियम ठाऊक नव्हता. मार्गशीर्षात ते आपल्या पास यादीतल्या एक्केचाळीस नंबरच्या जागेपाशी पोचले. ही तीच जागा, जिचा पासंग काढून शेजार सापडला होता. त्या भागात ताऱ्यांची इतकी दाटी, की खात्रीची रिकामी जागा एवढी एकच. म्हणून नीलानं ती घेतली, आणि पडताळा घेणाऱ्या पाचही जणांनी यादीतून तीच उचलली. सहा दुकानदारांनी सहा तराजू आणले, पण पासंग सगळ्यांनी एकाच दगडानं काढला.

अप्पांनी एक्केचाळीस नंबर दूरच्या तीन रिकाम्या जागांशी तोलला. काटा हलला. त्यांनी खात्यातली जुनी रीत केली: पारडी अदलाबदल करून पुन्हा तोललं. काटा तेवढाच, उलट्या बाजूला हलला. म्हणजे दोष तराजूचा नव्हता, जागेचा होता. आणि जागेत काही जास्त नव्हतं. कमी होतं. दहा हजारात तीन भाग.

त्यांनी स्वतःचाच जुना शेरा उघडला. पहिल्या तपासणीच्या वेळी लिहिलेलं: 'किंचित कमी. गिऱ्हाइकाच्या बाजूने. चालेल.'

अप्पांनी तो शेरा दोनदा वाचला.

निरीक्षकानं दुकानदाराच्या बाजूनं झुकणारा काटा पकडायचा असतो. गिऱ्हाइकाला चिमूटभर जास्त जात असेल, तर खातं तिकडे काणाडोळा करतं. ती चूक धरली जात नाही. बत्तीस वर्षांची ही सवय अप्पांनी आकाशात नेली होती. उजेड जास्त निघाला की जागा नापास. कमी निघाला, तर कुणाचं काय जातं? नियोजकानंही हटकलं नाही. जागेत काही आहे का, एवढंच बघायला त्याला शिकवलं होतं. रिकाम्याहून रिकामं काही असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

असू शकतं. मध्ये कुठंतरी थंड धुळीचा विरळ ढग तरंगत असेल, तर तो मागचा उजेड अडवतो, तोही काही ठरावीक रंगांतच. मग तिथलं शून्य खरं शून्य राहत नाही, त्याखाली एक खड्डा पडतो. आणि खड्ड्यापासून मोजलेली सपाट जमीनसुद्धा टेकडी वाटते.

अप्पांनी दोन कागद छापले. एकावर शेजाराच्या प्रकाशाची टेकडी, दुसऱ्यावर एक्केचाळीस नंबरचा खड्डा. दुसरा उलटा धरून पहिल्यावर ठेवला आणि खिडकीच्या काचेला टेकवला. बाहेर ऊन होतं. दोन्ही रेघा एकीवर एक अशा बसल्या, की दुसरी दिसेना.

दिवे नव्हते. शेजार नव्हता. ग्रह होता आपला, काळा, दगडी, नि:शब्द.

त्या दिवशी फोन आला तेव्हा नीला हसत होती. "अप्पा, तिकीट काढलं. तेरा तारखेला पोचते. आणि आईची ती तिळाची चटणी, कुणाला येते का विचारा ना."

"विचारतो," अप्पा म्हणाले.

"आवाज का असा?"

"सर्दी."

आयुष्यातलं पहिलं खोटं माप. काही कोसळलं नाही. घड्याळ चालू राहिलं, दूधवाला येऊन गेला. खोटं बोलणं इतकं सोपं असतं, हे कळायला त्यांना चौसष्ट वर्षं लागली. त्यांनी आणखी तीन दिवस तपासलं. आकडा तोच. चौथ्या दिवशी चंपाशेठ आले.

"शेठ, एक विचारू? एखादा तराजू खोटा आहे, पण त्यानं सगळ्यांचं बरं चाललंय. कुणाची तक्रार नाही. तर?"

चंपाशेठनी बशी खाली ठेवली. "काय ओ साहेब, सकाळच्या पारी माझी परीक्षा घेताय व्हय?"

"नाही, खरंच विचारतोय."

"कुणाचा तराजू?"

"माझा."

चंपाशेठ आधी खो खो हसले. मग त्यांना अप्पांचं तोंड दिसलं. माणूस व्यापारी; किती तुटवडा आहे हे न सांगता ओळखणारा.

"शेजाराचं हाय का?"

अप्पांनी मान हलवली.

"साहेब, माझी पोरं पुण्याला नि सुरतेला. बायको जाऊन सात वर्षं झाली. दुकान बंद करून घरी जायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. आता वाटतं, हाय बाबा, तिकडं कुणीतरी दिवा लावलाय, आपण पण लावावा. एवढंच." ते उठले. "दोनदा तराजू नेलात माझा. मी कधी हात जोडले नाहीत. आज जोडतो. एकदा, एकदाच डोळा झाका."

"तुमच्या तराजूच्या वेळी झाकायला पाहिजे होता का?"

"व्हय!" चंपाशेठ तिडकीनं म्हणाले, आणि चपला घालताना, पाठमोरे, हळू आवाजात, "तवा तरी मी खोटा होतो. आता काय, मी गिऱ्हाईक हाय."

ते गेले. अप्पा पडद्यापुढे बसले. एक्केचाळीस नंबरच्या खुणेवर 'काढून टाका' असं बटण होतं. दाबलं की नियोजक त्या जागेचा वापर केलेल्या एकशे बारा गटांना आपोआप कळवणार. अप्पांनी बोट उचललं, पण खाली ठेवलं नाही. मालक हजर असल्याशिवाय तराजूला सील लागत नाही. त्यांनी नीलाला फोन लावला.

सगळं सांगून व्हायला चार मिनिटं लागली.

"किती?" तिनं विचारलं.

"दहा हजारात तीन."

"शेजार किती होता, ठाऊक आहे ना?"

"तेवढाच."

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. डोंगरावर ती बाहेर येऊन उभी असावी.

"कुणाला कळलंय?"

"चंपाशेठला."

"कोण चंपाशेठ? बरं, असू दे. आपण नाही सांगितलं, तर लोकांना कळायला किती दिवस लागतील?"

"नवी दुर्बीण येईपर्यंत. पाचसहा वर्षं."

"पाचसहा वर्षं," ती म्हणाली. जणू कुणी विकायला आणलेली वस्तू ती हातात घेऊन बघत होती. मग तिचा आवाज चढला. "मला कशाला फोन केला अप्पा? दाबायचं होतं बटण! नाहीतरी तुम्ही थांबता का कधी? भर सभेत उठता आणि..."

"या वेळी दोष तुझ्या तराजूत नाही. मोहोर माझी आहे. शेरा माझा आहे. मी तसंच लिहिणार आहे."

"लोक माझंच नाव घेणार."

"हो."

"आणि तरी तुम्ही दाबणार."

अप्पांना हो म्हणायचं होतं. बत्तीस वर्षं ते हेच म्हणत आले होते. पण घरात पाच खुर्च्या होत्या. त्यांनी एकेकीकडे बघितलं.

"नीला, मला नाही दाबवत," ते म्हणाले. "तू ये. तेरा तारखेला ये, चटणी खा, परत जा. मग दाबतो."

पलीकडचा वाऱ्याचा आवाज थांबला; ती आत गेली असावी.

"अप्पा," ती म्हणाली, "खूण काढायचा अधिकार वापरणाऱ्यालापण असतो. माझ्यापुढे पण ते बटण आहे."

"नीला, थांब..."

पडद्यावरून एक्केचाळीस नंबर नाहीसा झाला. खाली ओळ आली: 'खूण काढली: नी. गु. बिराजदार. एकशे बारा गटांना कळवले.'

*

त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. शेजार आठवड्यात आला होता, दोन दिवसांत गेला. लोक चिडले, मग थट्टा करायला लागले, मग विषयच काढीनात. लढाई पुन्हा सुरू झाली. अप्पांनी आपली चूक सविस्तर लिहून सगळीकडे पाठवली. ती कुणी वाचली नाही, कारण वर्तमानपत्रांना निरीक्षक नको होता, नीला हवी होती. बार्शीत अप्पा पेठेतून गेले की चंपाशेठ पाठ फिरवून तुरीच्या पोत्यात हात घालून बसत. चार खुर्च्या अप्पांनी एकावर एक रचून माळ्यावर टाकल्या. तेरा तारीख आली आणि गेली. चटणी कुणाला येते का, हे त्यांनी विचारून ठेवलं होतं. सराफांच्या आईला येत होती.

फोन नाही. पौष सरला, माघ सरला. अप्पा सकाळी सातला बसत, दोनला उठत. आता ते कमीसुद्धा मोजत. यादीतल्या आणखी नऊ जागा त्यांनी रद्द केल्या.

फाल्गुनात एका सकाळी नियोजकात नवी मागणी आली. कोरडी, छापील नमुन्यातली. त्याच ताऱ्याजवळ रिकामी जागा हवी. मागणार: नी. गु. बिराजदार. 'तपासणी कोण करणार' या रकान्यात तिनं लिहिलं होतं: 'दोघं, एकाच वेळी.'

अप्पांनी चष्मा पुसला आणि होकार दाबला.

अकरा दिवस चाललं. सकाळी सात ते दोन, अप्पा बार्शीत, नीला डोंगरावर, मध्ये उघडा फोन. त्या अकरा दिवसांत दोघं आकड्यांखेरीज काही बोलले नाहीत. "डावी." "उजवी." "अदलाबदल." "पुन्हा." तिला खोकला झाला होता; अप्पांना ऐकू येत होता, पण विचारायचं धाडस होईना. एकोणीस जागा नापास झाल्या, सतरांत जास्त निघालं, दोनांत कमी. विसावी, इवलीशी, दोन ताऱ्यांच्या फटीतली, कुठूनही तोलली तरी शून्यावर राहिली.

नीलानं सही केली. अप्पांनी सही केली.

मग ती म्हणाली, "ताऱ्याकडे फिरवू?"

"कशाला? तिथं काही नाही, हे दोघांना माहीत आहे."

"खोट्या तराजूनं दिसलेलं खोटं होतं, एवढंच माहीत आहे. खऱ्यानं अजून कुणी बघितलंच नाही."

अप्पा खुर्चीत सरळ झाले. "फिरव."

दुर्बीण फिरली. चाळीस मिनिटं प्रकाश गोळा व्हायचा होता. पडद्यावर एक आडवी रेघ आली, सपाट, शून्यावर चिकटलेली, जशी चोख मापाची असायला हवी तशी. पलीकडे नीला खोकली. अप्पांनी आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं. मग ते पडद्याजवळ वाकले, फोन हातानं झाकला, आणि काट्याला आयुष्यात पहिल्यांदा गळ घातली.

"हल रे बाबा," ते पुटपुटले. "जरासाच हल."